करडीच्या तेलात वनस्पतींचा एन्कॅप्सुलेटेड (वेष्टनात बंद केलेला) अर्क घालावा का?

धागाकर्ता, लातूर:
घाण्याचं करडी तेल उन्हाळ्यात लवकर खवटतं, ही आपल्याकडची जुनी रड. त्यात लिनोलेइक हे मेदाम्ल सुमारे ७५ टक्के, आणि ते ओलेइक या दुसऱ्या मेदाम्लापेक्षा दहा-एक पट झपाट्यानं ऑक्सिजन धरतं, म्हणजेच खवटतं. टीबीएचक्यू या खवटपणा रोखणाऱ्या कृत्रिम रसायनाला किलोमागं २०० मिलिग्रॅमपर्यंत परवानगी आहे, पण घाण्याच्या गिऱ्हाइकाला ते नाव डब्यावर नकोच असतं. मग हेच काम करणारे डाळिंबाची साल, शेवग्याचा पाला यांचे अर्क का नकोत? उघडा अर्क उजेडानं, उष्णतेनं स्वतःच खराब होतो, म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासूनची भुकटी) नाहीतर डिंकाच्या वेष्टनात स्प्रे ड्राय करून, म्हणजे गरम हवेत फवारून वाळवून, त्याची भुकटी करतात. आपल्या घाणेवाल्यांनी आता ही वाट धरावी.

तेलकट परभणीकर:
भाऊ, भुकटी डब्याच्या बुडाशी बसणार. माल्टोडेक्स्ट्रिन, डिंक पाण्यात विरघळतात, तेलात नाही. वेष्टन सुटलंच नाही तर आतला अर्क तेल काय राखणार? शिवाय बुडाचा गाळ बघून गिऱ्हाईक भेसळ म्हणेल ते वेगळंच.

धागाकर्ता:
बरं, तेलात नको. शेवेच्या पिठात घाला. तिथंही खवटतं ते तेलच.

तेलकट परभणीकर:
पीठ भिजवलं की वेष्टन गेलं. कढईत १८० अंशाला अर्क पुन्हा उघडाच! एवढ्यासाठी वेष्टनाचा खर्च?

लॅबवाली ताई, संभाजीनगर:
दादा, सगळी वेष्टनं पाण्यात जात नाहीत. कोळंबी-खेकड्याच्या कवचापासूनच्या चिटोसनला विरघळायला आम्ल लागतं. घट्ट चरबीचं वेष्टन मळताना टिकतं, कढईत वितळून अर्क सोडतं. आणि कृत्रिम म्हणजे खात्रीचं असंही नाही, टीबीएचक्यूसारखंच कृत्रिम बीएचटी तळताना बरंचसं उडून जातं. तसंच नैसर्गिक म्हणून सढळ हातानं घालू नका. टोकोफेरॉल (ई जीवनसत्त्व) जास्त झालं तर उलट ऑक्सिडेशन वाढवतं.

घाणेवाला, उदगीर:
एवढं करून तेल पारदर्शक बाटलीत उन्हातच मांडणार ना? आधी बी नीट वाळवा, तेल निवळू द्या, डबा तोंडापर्यंत भरा. तांब्याच्या भांड्यात तर मुळीच साठवू नका. लागेल तसं गाळून ताजं विका. अर्काचे पैसे १५ किलोच्या डब्यावर कोण मोजणार?

धागाकर्ता:
गावात खपतं हो ताजं. पुण्यातला दुकानदार सहा महिन्यांची मुदत मागतो, त्याला काय सांगू?

घाणेवाला, उदगीर:
त्याला तिळाचं द्या. खवटपणा रोखणारं सेसमोलिन, सेसमोल त्यात घरचंच असतं.

धागाकर्ता:
तिळाचा भाव बघितला का? करडीत मिसळावं म्हटलं तर मिश्र तेलाचे नियम वेगळे.

लॅबवाली ताई, संभाजीनगर:
साध्या तेलाच्या बाबतीत मी परभणीकरांच्याच बाजूनं. रोझमेरी या सुगंधी झुडपाच्या पानांतलं, खवटपणा रोखणारं कार्नोसिक आम्ल तेलात तसंच विरघळतं, युरोपात ते अर्क ई ३९२ क्रमांकानं चालतात. आपल्या पाल्यात तसं तेलात उतरणारं काही आहे का ते आधी बघा, भुकटी फरसाणवाल्यांसाठी ठेवा. नाकावर विसंबू नका, पंधरवड्याला पेरॉक्साइड व्हॅल्यू (तेल किती ऑक्सिडाइज झालं त्याचा आकडा) काढा. आणि बिनअर्काचा एक डबा शेजारी ठेवा, नाहीतर तेल अर्कानं टिकलं की नुसत्या सावलीनं, हे कळायचंच नाही.