‘स्विच्ड सप्लायर’ की ‘सप्लायर्स’?

प्रश्न: इंग्लंडात राहतो, वीज कंपनी बदलली. जुन्या कंपनीला ‘आय हॅव स्विच्ड सप्लायर’ असं लिहिलं तर चालेल?

उत्तर १: चालेल. वीज-गॅसबाबत ब्रिटनमध्ये हे एकवचन सर्रास दिसतं. ‘सप्लायर्स’ही बरोबर, जुना-नवा मिळून दोन झाले, ‘चेंज ट्रेन्स’ म्हणतात तसंच. नावं घालायची तर ‘फ्रॉम’ अमुक ‘टू’ तमुक. ‘विथ’ नको, त्याने अदलाबदल केल्याचा अर्थ निघतो.

उत्तर २: तारीख दिलीत की ‘हॅव’ काढा: ‘आय स्विच्ड ऑन 3 जून’. आपली मंडळी इथेच हमखास घसरतात. बाकी, जुन्या कंपनीला कळवायची गरजच नसते, ते नवी कंपनी बघते. बदलाच्या दिवशीचं मीटर रीडिंग तेवढं नव्या कंपनीला द्या. शेवटचं बिल 6 आठवड्यांत यायला हवं.