मदत हवी आहे: ई-माउंटन बाइकचे मागचे टायर फाटले, मोटरही बंद

कडेकपारी (दुपारी १:४०)
तोरण्याच्या पायथ्याच्या कच्च्या वाटेवर, वेल्ह्यापासून साधारण चार किलोमीटर आत, दगडावरून घसरून पडलो. मला फारसे लागलेले नाही. मात्र मागच्या टायरला बाजूने अंगठ्याच्या नखाएवढी चीर गेली आहे आणि ट्यूबमधली हवा गेली आहे. सायकल उभी केल्यापासून मोटरही चालत नाही. बॅटरी ७० टक्के दाखवते आहे. जवळ पंप, टायर लिव्हर, पंक्चरचे साहित्य आणि अ‍ॅलन कीचा संच आहे. चाक निघत नाही. काय करावे, कृपया लवकर सांगा. पाण्याची एकच बाटली उरली आहे.

सह्यवाट (१:४६)
मोटर पेडलपाशी आहे की मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात? चाक निघत नाही म्हणजे नट हलत नाही, की वायर आडवी येते? हे कळल्याशिवाय सांगितलेला उपाय चुकीचा ठरेल.

कडेकपारी (१:५१)
मागच्या हबमध्ये, २५० वॉटची. नट मोठा आहे आणि तेवढा पाना माझ्याकडे नाही.

चाकोरीबाहेर (१:५५)
हब मोटरच्या नटाला बहुधा १८ नंबरचा पाना लागतो. जवळच्या वस्तीवर ट्रॅक्टर असेल, तर पानाही मिळेल. वायरच्या जोडावरचे बाण लक्षात ठेवा, आस फिरू नये म्हणून बसवलेल्या वॉशरचा क्रम आणि दिशा यांचा फोटो काढा आणि मगच चाक उतरवा. चाक काढल्याशिवाय हे काम नीट होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सह्यवाट (२:०२)
मला हे मान्य नाही. पाना शोधत उन्हात चालण्याची काहीच गरज नाही, कारण ट्यूबला ठिगळ लावण्यासाठी चाक काढावे लागतच नाही. आधी बॅटरी बंद करून काढून ठेवा. सायकल उलटी करताना हँडलच्या दोन्ही मुठींखाली एकेक बूट ठेवा, म्हणजे डिस्प्लेवर भार येणार नाही. टायरची एकच कड रिमबाहेर काढा, चीर आहे तेवढ्या भागातली ट्यूब बाहेर ओढा, जागा घासा, सोल्युशन लावा आणि ते ओले दिसेनासे होईपर्यंत थांबूनच पॅच दाबा. टायरच्या चिरेला आतून आधार हवाच, नाहीतर हवा भरताच ट्यूब तिथून फुग्यासारखी बाहेर येईल. दहाची नोट चौपदरी घडी करून तिथे ठेवा.

रानवारा (२:०७)
आपल्या नोटांचा कागद सुती धाग्यांचा असल्यामुळे तो चिवट असतो, हे खरे. पण माझ्या अनुभवात टूथपेस्टच्या नळीचा तुकडा अधिक टिकतो. पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक मात्र कापून घालू नका, त्याची धार ट्यूबला कापते. मी ट्यूबलेस करून घेतल्यापासून हा त्रासच संपला आहे, तुम्हीही घरी पोहोचल्यावर तेच करा.

सह्यवाट (२:११)
ट्यूबलेसमधले द्रव्य काट्याचे भोक बुजवते. बाजूची एवढी चीर त्याने बुजत नाही, त्यामुळे आजच्या प्रसंगी त्याचा उपयोग झाला नसता.

पेठकर (२:१४)
२५० वॉटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतच्या ई-सायकलला नोंदणी लागत नाही. वाटेत कोणी अडवले तर हे सांगा.

वायरमन (२:१८)
मोटरबद्दल कोणीच बोललेले नाही. पडताना ब्रेकचा लिव्हर वाकला आहे का, किंवा दाबलेल्या स्थितीतून पूर्ण परत येत नाही का, ते पाहा. अनेक ई-सायकलींत ब्रेक दाबताच मोटरचा पुरवठा तोडणारा सेन्सर लिव्हरमध्ये असतो. लिव्हर जरासा आत राहिला तरी ब्रेक दाबलेला आहे असे मोटर चालवणारा कंट्रोलर समजतो. बोटाने लिव्हर बाहेर ओढून धरा आणि मोटर चालते का ते बघा. चालली, तर त्या सेन्सरचा जोड सोडून घरी या.

चाकोरीबाहेर (२:२३)
हा सल्ला उतारासाठी धोक्याचा आहे. जोड सोडल्यावर ब्रेक दाबला तरी मोटर क्षणभर ढकलत राहू शकते. आधी लिव्हरची बैठक दुरुस्त होते का पाहावे.

वायरमन (२:२६)
तुमचे म्हणणे बरोबर आहे. जोड सोडावाच लागला, तर उतारावर मोटरची मदत शून्यावर ठेवावी.

कडेकपारी (३:३८)
वेल्ह्यात पोहोचलो. चाक न काढताच ठिगळ लागले. नोट चौपदरी घालून हवेचा दाब २५ पीएसआय होईपर्यंतच हवा भरली, कारण त्यापुढे चीर उघडताना दिसत होती. उजवा लिव्हर बुडाशी वळून हँडलच्या मुठीला टेकला होता. बैठकीचा स्क्रू ढिला करून तो अर्धा बोट आत सरकवला आणि मोटर लगेच सुरू झाली, त्यामुळे जोड सोडावा लागला नाही. मोटर हबमध्ये असल्याचे पहिल्याच वेळी लिहायला हवे होते. सर्वांचे मनापासून आभार. आता पुण्यापर्यंत असेच चालवू का?

सह्यवाट (३:४४)
चालवू नका. मोटरचा भार मागच्याच चाकावर आहे आणि नोट दगडी वाटेवर आधीच घासली गेली आहे. टेम्पो पाहा. बॅटरीच्या खोक्याला तडा किंवा पोचा आहे का?

कडेकपारी (३:४९)
डाव्या कोपऱ्याला बारीक तडा आहे, आत्ताच दिसला.

वायरमन (३:५१)
मग ती तपासून घेईपर्यंत चार्जिंगला लावू नका, आणि टेम्पोत सायकलपासून वेगळी, सावलीत ठेवा.