शब्दचर्चा: नक्कल, प्रमाणित प्रत, साक्षांकित प्रत – कोर्टात नेमकं काय लागतं?

बांधावरची:
आईच्या माहेरच्या जमिनीचा दावा चालू आहे. आजोबांनी 1971 साली घेतलेल्या शेताचं मूळ खरेदीखत मामांच्या कपाटात आहे आणि मामाच प्रतिवादी. वकील म्हणाले, "सही-शिक्क्याची नक्कल काढा." आमच्याकडे जुनी झेरॉक्स होती. मी ती एका राजपत्रित अधिकाऱ्यांकडून "सत्यप्रत" असा शिक्का मारून, सही घेऊन आणली. वकिलांनी कपाळाला हात लावला. "ही साक्षांकित झाली हो, मला प्रमाणित हवी." मग नोंदणी कार्यालयात गेले. तिथे अर्जाच्या विषयात "नक्कल मिळणेबाबत" असं लिहायला लावलं, आणि काल हातात जे आलं त्यावर छापलंय "अस्सल बरहुकूम खरी नक्कल". हे एकाच कागदाचे चार शब्द आहेत की चार वेगळे कागद? आणि नक्कल म्हटलं की मला दहावीच्या परीक्षेतली कॉपीच आठवते. ती कोर्टात चालते कशी?

मोडीवाचक:
शब्दापुरतं मी सांगतो, कायद्याचं जाणकार सांगतील. अस्सल आणि नक्कल ही जोडी अरबीतून फारसीवाटे आपल्या दफ्तरात आली. अस्ल म्हणजे मूळ. नक्ल म्हणजे एका जागेवरून दुसरीकडे नेणं, उतरवून घेणं. जुन्या कागदांत "अस्सल" हे चक्क नाम म्हणून येतं: अस्सल कोणाकडे, नक्कल कोणाकडे. "बरहुकूम" म्हणजे त्याप्रमाणे, त्याला धरून. तेव्हा "अस्सल बरहुकूम खरी नक्कल" म्हणजे मुळाला धरून उतरवलेली बिनचूक प्रत. यात फसवाफसवीची छटा कुठेच नाही. नकली दागिने, नकलाकार, परीक्षेतली नक्कल हे सगळे त्याच घराण्यातले वाया गेलेले पुतणे. दफ्तरातली नक्कल मात्र अजून अब्रू राखून आहे.

दस्तऐवजाचंही असंच. फारसीत दस्त म्हणजे हात, आवेझ म्हणजे धरून लटकणं. हाताशी धरून ठेवायची गोष्ट. (हिंदीभाषक मित्रांसमोर "दस्त झाला का?" असं विचारू नये, ते पोटाची चौकशी समजतात.)

शिरस्तेदार (निवृत्त):
ताई, शब्द बरेच आहेत, पण कागद दोनच. नक्कल, खरी नक्कल, सही-शिक्क्याची नक्कल आणि प्रमाणित प्रत हा एक कागद. सत्यप्रत, साक्षांकित प्रत हा दुसरा.

फरक असा धरा. साक्षांकित करणारा माणूस तिऱ्हाईत असतो. तुम्ही त्याच्यापुढे मूळ आणि झेरॉक्स ठेवता, तो म्हणतो "मी दोन्ही पाहिले, जुळतात". शाळाप्रवेश, नोकरीचा अर्ज, एवढ्याला हे ठीक. 2015 पासून तर महाराष्ट्र सरकारनं बऱ्याच ठिकाणी स्वसाक्षांकनावरच भागवलंय. प्रमाणित करणारा तिऱ्हाईत नसतो. मूळ नोंद ज्याच्या ताब्यात आहे तोच अधिकारी म्हणतो, "माझ्या दफ्तरात हे असं आहे." तुमच्या झेरॉक्सवर सही करणाऱ्या साहेबांनी मूळ पाहिलंच नव्हतं, कारण ते मामांच्या कपाटात. मग त्यांनी नेमकं कशाला "सत्य" म्हटलं, ते त्यांनाच ठाऊक.

आता नक्कल चालते कशी ते. खरेदीखत नोंदवताना त्याची प्रत कार्यालयातल्या पुस्तक क्रमांक 1 मध्ये राहते आणि मूळ दस्त पक्षकाराला परत मिळतो. मूळ दस्त खाजगी. पण पुस्तकातली नोंद हे खाजगी दस्ताचं सार्वजनिक दफ्तर. हे पुस्तक फी भरून कुणालाही पाहता येतं, आणि त्यातल्या नोंदीची नक्कलही कुणालाही मिळते. त्यासाठी मामांची परवानगी लागत नाही. नोंदणी अधिनियम 1908 चं कलम 57 वाचा. त्याच्या पाचव्या पोटकलमात म्हटलंय की निबंधकाच्या (दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) सही-शिक्क्याची अशी नक्कल मूळ दस्तातला मजकूर शाबीत करायला पुराव्यात घेता येते. "मजकूर" या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारून ठेवा, पुढे लागेल.

अनुवादक:
"साक्षांकित" या शब्दानं मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलंय. कायद्यात त्याचे दोन अर्थ आहेत. एक, शिरस्तेदारकाकांनी सांगितलेली साक्षांकित प्रत. दुसरा, साक्षांकित दस्त: ज्यावर लिहून देणाऱ्याच्या सहीची साक्ष म्हणून साक्षीदारांनी सह्या केल्यात तो मूळ दस्त. मृत्युपत्र, बक्षीसपत्र, गहाणखत हे साक्षांकित असावेच लागतात. खरेदीखतावरही साक्षीदार असतात, पण ती रीत झाली, कायद्याची अट नाही. एका भाषांतरात मी "साक्षांकित मृत्युपत्र" असं लिहिलं आणि वाचणाऱ्यानं त्याचा अर्थ मृत्युपत्राची सत्यप्रत असा घेतला. तेव्हापासून मी "साक्षीदारांनी साक्षांकित केलेले" असं लांबलचक लिहितो.

आणखी एक कुरकुर. 1 जुलै 2024 पासून भारतीय पुरावा अधिनियम 1872 जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 आला. मराठीत साक्ष म्हणजे माणसानं पिंजऱ्यात उभं राहून सांगितलेली गोष्ट. कागद हा पुरावा, तो साक्ष देत नाही. "साक्ष्य" हा हिंदी वळणाचा शब्द आहे. नाव मान्य, पण मजकुरात मी पुरावाच लिहिणार.

सदनिकाधारक:
आमच्याकडे फक्त इंडेक्स टू आहे. ती नक्कलच ना?

शिरस्तेदार (निवृत्त):
नाही. सूची क्रमांक 2 हा गोषवारा. कोणी कोणाला, कुठली मिळकत, किती मोबदला, कधी. दस्तातल्या अटी, चतुःसीमा, हक्क राखून ठेवल्याचं कलम यातलं त्यात फारच थोडं येतं. कुठल्या कार्यालयात कुठल्या क्रमांकाचा दस्त आहे ते शोधायला मात्र त्यासारखं साधन नाही. तिच्यातला दस्ताचा क्रमांक घ्या आणि दस्ताची नक्कल मागा.

बांधावरची:
म्हणजे काका, ही खरी नक्कल दाखल केली की खरेदीखत सिद्ध झालं?

शिरस्तेदार (निवृत्त):
इथेच निम्मे पक्षकार फसतात, आणि थोडे वकीलही. आमच्याकडे तीन वेगळे शब्द आहेत. दाखल करणं, निशाणी पडणं, शाबीत होणं. यादीसोबत कागद दिला की तो दाखल. कोर्टानं पुराव्यात घेऊन क्रमांक दिला की निशाणी पडली. त्यातली गोष्ट खरी ठरली की शाबीत. लग्नाच्या याद्या झाल्या म्हणजे वरात निघाली असं नव्हे.

नियम असा की कागदाचा मजकूर मूळ कागदानंच शाबीत करायचा. तो प्राथमिक पुरावा. नक्कल हा दुय्यम पुरावा, आणि तो कधी चालेल याची यादी जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65 मध्ये होती, नव्यात ती कलम 60 मध्ये आहे. तुमच्या कामाला त्यातल्या दोन वाटा. पहिली, मूळ दस्त विरुद्ध पक्षाकडे आहे आणि नोटीस देऊनही तो हजर करत नाही. दुसरी, कायद्यानंच प्रमाणित प्रत पुराव्यात घ्यायची मुभा दिली आहे. दुसऱ्या वाटेनं जायचं तर प्रमाणित प्रतच लागते, इतर कुठलाही दुय्यम पुरावा चालत नाही. तुमची शिक्का मारलेली झेरॉक्स तिथे बाद. सर्वोच्च न्यायालयानं कल्याणसिंग विरुद्ध छोटी (1990) या निकालात नेमका हाच भेद केला: नोंदणीकृत खरेदीखताची प्रमाणित प्रत मुळाच्या अभावी देता येते, साधी प्रत नाही. 2023 च्या अप्पैया निकालात 1928 च्या खरेदीखताच्या प्रमाणित प्रतीवर वाद होता. उच्च न्यायालयानं ती बाजूला ठेवली होती, सर्वोच्च न्यायालयानं ती ग्राह्य धरली.

तरीही वकिलांना मूळ दस्त हजर करण्याची नोटीस मामांना द्यायला सांगा. एक पानाचा खर्च. मामांनी दस्त आणला तर उत्तम, नाही आणला तर पहिली वाटही मोकळी.

आणि दावा 1 जुलै 2024 च्या आधीपासून चालू असेल तर त्याला जुनाच कायदा. नवी कलमं पाठ करू नका.

मोडीवाचक:
पण 1971 म्हणजे तीस वर्षं केव्हाच उलटली. जुना दस्त आपोआप खरा मानतात ना?

शिरस्तेदार (निवृत्त):
मानतात नाही, मानू शकतात. ते कोर्टाच्या मर्जीवर. शिवाय ते गृहीतक समोर आलेल्या कागदाच्या सही-अक्षराबद्दल. समोर नक्कल असेल तर फार तर नकलेवरची निबंधकाची सही खरी धरतील. लिहून देणाऱ्याची सही नकलेत असतेच कुठे? मघाशी "मजकूर" शब्दाखाली रेघ मारायला सांगितली ती म्हणूनच. नकलेनं मजकूर शाबीत होतो. दस्त त्याच माणसानं करून दिला हे वादात असेल तर ते वेगळं शाबीत करावं लागतं. तुमच्या मामांनी कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, काय म्हटलंय ते आधी बघा. "खरेदीखत झालं, पण पैसे मी दिले" म्हणत असतील तर दस्त करून दिल्याचा वादच उरत नाही. "असा दस्त झालाच नाही" म्हणत असतील तर साक्षीदार, लिहिणारा, सही ओळखणारा, कोणीतरी उभा करा.

मृत्युपत्राचं तर आणखी कडक. ते नोंदवलेलं असलं तरी साक्षांकन केलेला निदान एक साक्षीदार हयात आणि कोर्टात येण्याजोगा असेल तर त्याला तपासावंच लागतं. "रजिस्टर आहे ना" एवढं पुरत नाही.

सदनिकाधारक:
दस्ताचा विषय निघालाच आहे तर विचारतो. माझ्या करारनाम्याच्या शेवटी कार्यालयानं छापलंय, "दस्तऐवज करून देणार तथाकथित करारनामा दस्तऐवज करून दिल्याचे कबूल करतात." तथाकथित! ऐंशी लाख मोजले आणि तथाकथित? बिल्डरला विचारलं तर तो हसला.

अनुवादक:
हाहा, हा प्रश्न मलाही दोनदा आलाय. आज आपण तथाकथित साधू, तथाकथित विकास असं टोमण्यानं म्हणतो, म्हणून टोचतं. इथे तो जुन्या, कोरड्या अर्थानं आलाय: पक्षकार ज्याला करारनामा म्हणतात तो. निबंधकानं दस्ताचं नाव बरोबर आहे की चूक, आतला व्यवहार खरा की खोटा, याचा निवाडा केलेला नाही, एवढंच. "कथित" लिहिलं असतं तरी चाललं असतं.

शिरस्तेदार (निवृत्त):
आणि ते वाक्य बिनकामाचं समजू नका. माणूस निबंधकापुढे हजर झाला, दस्त करून दिल्याचं त्यानं कबूल केलं, ओळख पटवणारे अमुक होते, ही नोंद दस्तावर होते आणि नोंदणीच्या दाखल्यासह ती पुराव्यात वाचता येते. ताई, तुमच्या नकलेत मजकुरानंतर असा कबुलीचा शेरा उतरवलाय का पहा. तुमच्या आजोबांना शेत विकणारा हयात नसेल तर तो शेरा तुमच्या फार कामाचा.

बांधावरची:
आहे काका! शेवटच्या पानावर "लिहून देणार यांनी दस्त करून दिल्याचे कबूल केले" असं आहे, खाली निबंधकांची सही आणि गोल शिक्का. पूर्वेस ओढा, दक्षिणेस देशमुखांचा मळा, सगळी चतुःसीमा उतरलीय. एके ठिकाणी कंसात "कागद जीर्ण" लिहून दोन शब्द सोडलेत. तळाशी एक चौकट आहे: अर्ज दिल्याची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख, नक्कल करणार, रुजवात घेणार. ही रुजवात काय?

मोडीवाचक:
रुजू घालणं, ताळा पाहणं. एकानं मूळ मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवून जुळवायचं. रुजवात घेणारा तो दुसरा.

बांधावरची:
मग इथे "नक्कल करणार" यांची सही आहे. "रुजवात घेणार" पुढची जागा कोरी आहे.

शिरस्तेदार (निवृत्त):
कायद्याला निबंधकाची सही आणि शिक्का पुरतो. पण दोन शब्द सुटलेत, त्यात रुजवातीची जागा कोरी. उलटतपासणीत समोरचा वकील त्यावर अर्धा तास काढील. उद्या सोमवार आहे, सकाळीच जाऊन ती सही घेऊन या. आणि सुटलेले दोन शब्द सर्व्हे नंबरातले तर नाहीत ना, तेही तिथेच पुस्तक उघडून बघा.