सल्ला हवा: समुद्रात वस्तू कुठे वाहत जाते ते काढणाऱ्या ओपनड्रिफ्ट सॉफ्टवेअरमध्ये प्रवाह, भरती-ओहोटी आणि वारा एकत्र कसे घ्यावेत?

कोंडुरा: ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली. तेव्हा समुद्रात पडलेले कंटेनर कुठे वाहत गेले असतील, हे त्यातल्या लीवे मॉडेलने (तरंगत्या वस्तूला वारा किती ढकलतो ते धरणारं) काढायचंय. प्रवाह ग्लोरिस१२ चे (जुन्या सागरी प्रवाहांचा संच), वारा इरा५ चा (जुन्या हवामानाचा संच). लॅपटॉप ८ जीबीचा, खर्च शून्य. भरती-ओहोटी कशी जोडू?

लाटकरी: ६४ जीबी रॅमचं यंत्र घ्या. माझ्याकडे आहे, अख्खा अरबी समुद्र एका दमात चालतो.

नेटसीडीएफवाला: रॅमचा इथे प्रश्नच नाही. ७१ ते ७४ पूर्व, १७.५ ते २० उत्तर, फक्त पृष्ठभागाचा थर, दहा दिवस: फाइल काही एमबीची होते. खरी गोची रीडरच्या, म्हणजे माहितीची फाइल वाचून देणाऱ्या भागांच्या, क्रमात आहे. ओपनड्रिफ्ट दोन रीडरची बेरीज आपोआप करत नाही. यादीत आधी दिलेल्याकडे त्या जागेची आणि वेळेची माहिती असली की पुढच्याला विचारतच नाही. स्थिर मूल्यांचा रीडर पहिला दिलात तर बाकी सगळे फुकट, कारण तो सगळीकडे लागू होतो. बेरीज हवी तर दोन रीडर अधिक चिन्हाने जोडून त्यातून निघालेला एकच रीडर द्या.

उधाण: ग्लोरिस१२ मध्ये भरती-ओहोटी नाही, शिवाय मुंबईसाठी दैनिक सरासरी प्रवाह पुरत नाहीत. १० ऑगस्टला अमावास्या होती, म्हणजे टक्करीनंतर लगेच उधाण. एफईएस२०१४ हे भरती-ओहोटीचं मॉडेल नोंदणी करून मोफत मिळतं. त्यातून पायटीएमडी या पायथन साधनाने तासागणिक यू-व्ही (प्रवाहाचे पूर्व आणि उत्तर घटक) काढून फाइल करा. मात्र बंदराच्या आत त्या मॉडेलच्या जाळीला काही दिसत नाही, तेव्हा कण (कंटेनरच्या जागी धरलेले बिंदू) प्रॉंग्स दीपगृहाच्या बाहेर सोडा.

लाटकरी: कोपर्निकस या युरोपीय सागरी सेवेची उटोटल (एकूण प्रवाहाची) फाइल घ्या की, भरती आयती मिळते.

नेटसीडीएफवाला: ती विश्लेषण-अंदाजाची आहे, २०१० ची नाही. शिवाय उटोटलमध्ये स्टोक्स प्रवाहही (लाटांमुळे होणारं वहन) मिसळलेला असतो. लीवेचे गुणांक प्रत्यक्ष वस्तू वाहताना मोजून काढलेत, लाटांचा परिणाम त्यातच आला. वरून स्टोक्स घातलात तर तो दोनदा मोजला जाईल.

दर्यावर्दी: क्रमाबद्दल वर सांगितलंय तेच मीही सांगतो. वेळही तपासा, ओपनड्रिफ्ट यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) चालतं. आपले सकाळचे १० म्हणजे तिथे ०४:३०. साडेपाच तास चुकले तर १२ तास २५ मिनिटांच्या भरतीचक्रात प्रवाह जवळपास उलटाच होतो, आणि नकाशा दिसायला मात्र छान दिसतो. इरा५ च्या वाऱ्याला ओपनड्रिफ्ट ओळखेल असं प्रमाण नाव नसतं, रीडर उघडताना यू१० ला एक्स-विंड आणि व्ही१० ला वाय-विंड असं जुळवून द्या.

उधाण: लीवेच्या यादीत ४० फुटी कंटेनर आहे, पण १:३ प्रमाणातला आणि ७० टक्के बुडालेला. रिकामा कंटेनर याहून वर तरंगतो, त्याला वारा जास्त लागतो.

कोंडुरा: सगळ्यांचे आभार. बेरीज आत्ता करत नाही. प्रवाह, भरती आणि वारा यांचे तीन वेगळे रन करते, प्रत्येकी २,००० कण, १५ मिनिटांची पायरी. कोण किती ढकलतं ते आधी दिसू दे.

नेटसीडीएफवाला: मग वाऱ्याच्या रनमध्ये प्रवाहाचे दोन्ही घटक स्थिर शून्य ठेवा, आणि उरलेल्या दोन्हींत वारा शून्य. लीवेत या चलांना पर्यायी मूल्य दिलेलं नाही, शून्य दिलं नाहीत तर माहिती नसल्याच्या कारणाने सगळे कण पहिल्याच पायरीला बाद होतील.