डोंगरातल्या वाड्यांवर औषधासोबत प्रार्थना: सेवा म्हणायची की प्रचार?

पंचगंगाकाठ (धाग्याची सुरुवात)

कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा आणि भुदरगड तालुक्यांतल्या काही धनगरवाड्यांना आजही बारमाही रस्ता नाही. पावसाळ्यात एखादी बाळंतीण अडली किंवा कोणाला पान लागले, म्हणजे साप चावला, तर बांबूला वाकळ बांधून डोली करतात आणि माणसे आळीपाळीने खांदा देत रुग्णाला डांबरी सडकेपर्यंत आणतात. अशाच एका वाड्यावर ख्रिस्ती प्रार्थना घेणारे एक छोटे मंडळ नियमाने येते, हे मी पाहिले. ते ताप-खोकल्याच्या गोळ्या वाटतात, मुलांना वह्या देतात आणि मग सर्वांना बसवून प्रार्थना घेतात. औषध देण्याला माझा विरोध नाही आणि प्रार्थनेलाही नाही. आक्षेप आहे तो या क्रमाला. ज्याच्या घरात तापाने फणफणलेले मूल आहे, तो गोळी देणाऱ्यासमोरून उठून कसा जाईल? त्याचे तिथे बसून राहणे म्हणजे संमती, असे मला वाटत नाही. हेच काम उद्या एखाद्या हिंदू संघटनेने आरती जोडून केले, तरी माझे मत बदलणार नाही.

मिरजरोड

आपला मुद्दा तत्त्वतः ऐकायला बरा वाटतो. पण या जिल्ह्याचा इतिहास बाजूला ठेवल्याशिवाय तो मांडता येत नाही. 1852 मध्ये रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले, तेव्हापासून मिशनच्या शाळा आणि पुढे दवाखाने इथे उभे राहिले. 1894 मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले आणि 1897 मध्ये त्याला जोडून वैद्यकीय शिक्षणही दिले जाऊ लागले. त्या रुग्णालयात वॉर्डात प्रार्थना होत असे, हे उघड आहे. तरीही तिथे पिढ्यान्‌पिढ्या उपचार घेतलेले लाखो लोक हिंदू, जैन, लिंगायत, मुसलमान म्हणून गेले आणि तसेच घरी परतले. प्रार्थना कानावर पडली की माणूस धर्म सोडतो, हे गृहीतक कोल्हापूर-मिरजेच्या अनुभवाशी जुळत नाही. शाहू महाराजांनी या लोकांकडे संशयाने पाहिले नाही. त्यांच्या काळात कोल्हापुरात निघालेल्या वसतिगृहांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही एक होते.

कुंभी-कासारी

शाहू महाराजांचे नाव घेतलेच आहे, तर तेही पूर्ण घ्यावे. त्याच महाराजांनी राजाराम कॉलेज आर्य समाजाकडे सोपवले होते आणि आर्य समाज मिशनरी प्रचाराला उत्तर देण्यात सर्वांत पुढे होता. महाराजांना शिक्षण हवे होते. ते कोणाकडून येते, याचा हिशेब ते राजाप्रमाणे करत.

वाइल्डर यांच्याबद्दलही एक गोष्ट सांगतो. त्यांचे पुत्र रॉबर्ट यांचा जन्म कोल्हापुरातलाच, 1863 चा. अमेरिकेत 1886 मध्ये विद्यार्थ्यांना परदेशी मिशनकार्यासाठी तयार करणारी जी मोठी चळवळ उभी राहिली, तिच्या प्रमुख प्रवर्तकांपैकी ते एक, आणि या एका पिढीतच साऱ्या जगापर्यंत ख्रिस्ताचा संदेश पोहोचवायचा हे त्या चळवळीचे घोषवाक्य होते. म्हणजे हेतू लपवलेला नव्हता. दवाखाना हे साधन होते आणि साध्य दुसरे होते. मिशनरी मंडळी हे स्वतः प्रामाणिकपणे सांगत आली. त्यांचे आजचे समर्थक मात्र ‘निव्वळ सेवा’ म्हणतात, याचे मला नवल वाटते.

शहरात हे साध्य फारसे गाठता आले नाही, कारण शहरात पर्याय असतात. डोंगरात ते साधते, हे पाहायचे असेल तर मिझोराम पाहावे. 1894 मध्ये लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन इंग्रज मिशनरी तिथे पोहोचले. 2011 च्या जनगणनेत तिथले सुमारे 87 टक्के लोक ख्रिस्ती आहेत. सव्वाशे वर्षांच्या आत डोंगरातल्या एका समाजाचे जुने सण आणि विधी मागे पडले. आमच्या वाड्यांवर हेच होऊ द्यायचे का? पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेत भंडारा उधळत ढोल वाजवणारा धनगर उद्या त्या यात्रेला येणार नसेल, तर ते नुकसान एकट्या त्या घराचे राहत नाही.

मिरजरोड

मिझोरामचे उदाहरण अर्धेच दिले आहे. त्याच दोघांनी मिझो बोलीला रोमन लिपी दिली आणि 2011 मध्ये तिथली साक्षरता 91 टक्क्यांहून अधिक होती. ढोल सुरुवातीला चर्चच्या बाहेर ठेवला गेला हे खरे. पुढे मिझो ख्रिस्ती लोकांनीच तो आत आणला आणि आज त्याच्या ठेक्यावर तिथली भजने चालतात. नवा धर्म घेतलेला समाज मातीच्या गोळ्यासारखा कोणाच्या हातात आकार घेत बसत नाही.

आमिषाबद्दलही बोलले पाहिजे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही नाहीत. म्हणजे दलित माणूस ख्रिस्ती झाला की त्याची सवलत जाते. एक वही आणि चार गोळ्यांसाठी कोणी एवढे सोडतो, असे म्हणणे हा त्या माणसाच्या बुद्धीचा अपमान आहे.

तुळशीकाठ

मी आरोग्य खात्यात काम करते आणि वाड्यांवर जाणे हा माझ्या कामाचा भाग आहे. इतिहास मला तुमच्याइतका ठाऊक नाही. क्षयरोगाच्या गोळ्यांबद्दल मात्र सांगू शकते. हा उपचार साधारण सहा महिने चालतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढू लागते आणि रुग्णाला वाटते की आपण बरे झालो. माझ्या एका रुग्णाला याच सुमारास प्रार्थनेला येणाऱ्याने सांगितले की तुला प्रभूने बरे केले, आता शंका धरू नकोस. गोळ्या बंद करा, असे तो म्हणाला नव्हता. पण गोळी घेणे म्हणजे शंका धरणे, असा अर्थ त्या माणसाने घेतला. पुढच्या खेपेला गोळ्यांची पाकिटे तुळईवर तशीच पडलेली होती आणि खोकल्यातून रक्त येत होते.

हे वाचून कुंभी-कासारी यांनी समाधान मानू नये. देवऋषाने लिंबू उतरवून दिल्यावर गोळ्या सोडलेले रुग्ण मी याहून अधिक पाहिले आहेत. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला आहे. त्यात मंत्र कोणत्या धर्माचा, याला महत्त्व नाही. मला वाड्यावर कोण येतो याच्याशी कर्तव्य नाही. माझ्या गोळ्यांच्या आड कोणी येऊ नये, एवढेच हवे.

डोंगरवाट

हा धागा आमच्यावर चालला आहे म्हणून लिहितो. माझे घर वाड्यावर आहे; मी शिक्षणासाठी कोल्हापुरात राहिलो आणि इथेच नोकरी करतो.

पहिली दुरुस्ती. डोंगरातला गवळी धनगर म्हशी राखणारा, दूध-तुपावर जगणारा. मेंढरे घेऊन फिरणारा पठारावरचा धनगर वेगळा. बिरदेवाच्या यात्रेचे चित्र आमच्या वाड्यावर चिकटवू नये.

आता प्रार्थनेला कोण जाते ते सांगतो. आमच्याकडे पहिल्यांदा बाया गेल्या. त्याचे कारण गोळ्या नव्हे, दारू. त्या मंडळात बसणाऱ्या पुरुषाला दारू सोडावी लागते आणि चार लोकांसमोर तसे सांगावे लागते. माझ्या चुलत्याने सोडली. काकूने त्यानंतर गळ्यातले देवाचे टाक काढून ठेवले, कोणी सांगितले म्हणून नव्हे. वारकऱ्याची माळही हेच काम करते, पण माळ घालणारा कीर्तनकार आमच्या चढाला कधी आला नाही.

भांडण मात्र खरे झाले. चुलत्याने जत्रेची वर्गणी नाकारली आणि गावकीने त्याच्या म्हशी पाण्यावर येऊ देणे बंद केले. कुंभी-कासारी ज्या संस्कृतीबद्दल हळहळतात, तिने त्या वेळी ही वागणूक दिली. आणि प्रार्थनेच्या भाऊंनीही ‘छळ सोसा, फळ मिळेल’ एवढेच सांगितले; तहसीलदाराकडे अर्ज करायला कोणी सोबत आले नाही.

कुंभी-कासारी

पाणी तोडणे चूकच, त्यात दुमत नाही. पण वर्गणी नाकारणे ही केवळ पैशाची गोष्ट नसते. लहान वाड्यावर जत्रा ही एकमेकांच्या अडीअडचणीला उभे राहण्याची वार्षिक शपथ असते. बाहेरून आलेला माणूस ती मोडायला लावतो आणि संध्याकाळच्या एसटीने परत जातो. परिणाम वाड्याने भोगायचे.

पंचगंगाकाठ

डोंगरवाट यांनी लिहिलेली दारूची बाजू माझ्या चित्रात नव्हती, पण तिने माझा आक्षेप कमी होत नाही. त्या बायका स्वतःच्या गरजेने गेल्या, हे स्वतंत्र निर्णयाचे उदाहरण आहे आणि त्याला हात लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. संविधानाच्या 25 व्या कलमाने धर्मप्रसाराचा हक्क दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये सांगितले की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. त्याच कलमात हा हक्क सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन ठेवला आहे. तुळशीकाठ यांचा मुद्दा नेमका तिथे बसतो. म्हणून माझे म्हणणे इतकेच की औषध देण्याचा दिवस वेगळा असावा, प्रार्थनेचा वेगळा, आणि वाटलेल्या औषधांची नोंद आरोग्य उपकेंद्राकडे द्यावी.

मिरजरोड

हा नियम गणपती मंडळांच्या आरोग्य शिबिरांनाही लावणार का? तिथे मांडवात आरती झाल्यावरच रक्तदाब तपासतात. लावणार असाल तर माझी हरकत संपली.

तुळशीकाठ

दिवस वेगळे करायला आधी दोन दिवस कोणीतरी वर चढायला हवे. आमच्या उपकेंद्रात परिचारिकेचे पद रिकामे आहे आणि पावसाळ्यात ओढा भरला की मीही अलीकडेच थांबते. त्या काळात वाड्यावर ताप आला तर गोळी त्या मंडळाकडूनच मिळते, प्रार्थनेसकट. मंडळाला नियम लावताना ते रिकामे पद कधी भरणार, हेही त्याच अर्जात लिहा. अर्ज कोण करणार असेल तर वाड्यांची यादी मी देते.