भावाची मानसोपचार तपासणी व्हिडिओवर होईल का?

धायरीची_ताई
मी पुण्यात, धाकटा भाऊ आई-दादांजवळ वेल्हे (आता राजगड) तालुक्यात, केळदच्या बाजूला. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या चालू असल्या की बरा असतो, भातलावणीलाही उभा राहतो. पण दर महिन्याला पुण्यात आणायचं म्हणजे पहाटेची एसटी, स्वारगेट, रांग, पाच मिनिटांची भेट आणि घरी पोचायला रात्र. दादांचा खाडा पडतो तो वेगळाच. मागच्या आषाढात दोन तारखा चुकल्या, गोळ्या संपल्या आणि तो पुन्हा रात्र रात्र जागायला लागला. व्हिडिओवर तपासणी खरंच चालते का? आजार वाढला की मोबाईलमधून आपल्यावर पाळत ठेवतात असं त्याला वाटतं, म्हणून धीर होत नाही. शिवाय घरात रेंज नाही, ओट्यावर यावं लागतं.

वॉर्डातली_सिस्टर
ताई, चालते. मार्च 2020 मध्ये टेलिमेडिसिनचे नियम आले, तेव्हापासून डॉक्टर व्हिडिओवर तपासून औषधं लिहून देऊ शकतात. त्याला ओळखणाऱ्या आत्ताच्याच डॉक्टरांना विचारा. पण ओट्यावरून नको हो! शेजारी ऐकतात, मग पेशंट मनातलं बोलत नाही. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतील तर तिथली खोली मागा, वजन आणि बीपीही होईल. आणि नुसता चेहरा दाखवू नका. हात पुढे धरल्यावर बोटं थरथरतात का, चालताना हात हलतात का, हे डॉक्टरांना दिसू द्या. औषधांचा त्रास तिथेच कळतो. गोळ्या चुकतातच, तर महिन्याच्या इंजेक्शनचंही विचारा.

भोरचे_मास्तर
आमच्या हिला बायपोलर आहे, म्हणजे मूड टोकाचा वर-खाली होतो; त्यावर लिथियमच्या गोळ्या चालू आहेत. रक्तातली पातळी बघायला लॅबमध्ये जावंच लागतं, बाकी बोलणं व्हिडिओवर होतं. तिलाही फोनची भीती होती. डॉक्टरांनी समोर बसवून स्वतःच्या फोनवरून तिला कॉल लावला, "पुढच्या वेळी यातून मीच बोलणार" म्हणाले. तेवढ्यानं ती बसली. रात्री-अपरात्री बिघडलं तर 14416 लावा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात. पण तो अंगावर धावून आला किंवा जिवाचं काही बोलू लागला, तर फोनवर थांबू नका, दवाखाना गाठा.

धायरीची_ताई
सिस्टर, सर, उपकेंद्राचं मला सुचलंच नव्हतं. सोमवारी तिथे विचारून येते. पुढच्या तारखेला डॉक्टरांना तसाच कॉल लावायला सांगेन. आईला आज फोनवरच सांगितलं, तर तिने पहिलं विचारलं, "मग दादांना कामावर जाता येईल ना?"