रुग्णनोंदींचं सॉफ्टवेअर आहे, पण डॉक्टर वापरत नाहीत

प्रश्न: ५० खाटांचं रुग्णालय. प्रशिक्षण झालं, तरी केसपेपर कागदावरच लिहिले जातात. आधी काय तपासावं?

प्रतिसाद १: कागद बंद करायची तारीख ठरली आहे का? दोन्ही चालू ठेवले की काम दुप्पट होतं आणि घाईत कागदच जिंकतो. एकेक विभाग घ्या, ओपीडी आधी, आयसीयू शेवटी. पहिले २ आठवडे अपॉइंटमेंट निम्म्यावर आणा. व्यवस्थापन कुरकुर करेल, पण बाहेर रांग वाढली की डॉक्टर सर्वांत आधी टायपिंगच सोडतात.

प्रतिसाद २: त्याआधी टेम्पलेट, म्हणजे सॉफ्टवेअरमधला नोंदीचा तयार फॉर्म, बघा. साध्या तापाला ३० रकाने सक्तीचे असतील तर लोक टिंब टाकून पुढे जातात. ॲलर्जी, निदान, औषधाची मात्रा एवढंच सक्तीचं ठेवा. जुन्या फायली सगळ्या स्कॅन करत बसू नका.

प्रतिसाद ३: लॅब सॉफ्टवेअरला जोडली आहे का? रिपोर्ट आपोआप स्क्रीनवर आला तर डॉक्टर तिथे येतातच. आणि एकच लॉगिन सगळे वापरत असतील तर आजच बंद करा. मात्रा चुकली तर कोणी लिहिली हे कळणार नाही.

प्रश्नकर्ता: लॅब जोडलेली नाही. वॉर्डात कॉम्प्युटर एकच, नर्सिंग स्टेशनवर.

प्रतिसाद ३: मग राउंडला चाकांच्या ट्रॉलीवर लॅपटॉप द्या. वायफाय मात्र प्रत्येक खाटेपाशी तपासा, फक्त स्टेशनपाशी नव्हे.